मुक्या जिवांच्या साथी



आम्ही पशुवैद्य नव्हे. आमचे आयुष्य कामगार संघटनेत गेले आणि जे थोडेफार वाचले ते सभा आटोपल्यावर. मुक्या जिवांच्या साथींवर हा गृहस्थ काय बोलणार, असे कोणाच्या मनात आले असेल, तर त्यात वावगे नाही. परंतु साथ म्हणजे काय, हे ज्याने दाटीच्या वस्तीत पाहिले आहे त्याला ती तळ्यातही ओळखता येते.

2025 च्या जानेवारीत उदगीरला कावळे मरून पडू लागले. बर्ड फ्लूचे निदान झाले आणि सारा लातूर जिल्हा जागा झाला. गल्लीतल्या कुत्र्याकडे आणि तळ्यातल्या माशाकडे मात्र कोणी असे वळून पाहत नाही. आज त्या दोघांविषयीच बोलू.

पाळलेल्या पिलांचा काळ म्हणजे पार्व्हो. उलट्या, रक्ताची हगवण, आणि थोड्याच दिवसांत खेळ खलास. त्याचे विषाणू अंगणाच्या मातीत महिनोन्‌महिने टिकतात. म्हणून लस पुरी झाल्यावाचून दुसरे पिलू त्या जागी आणू नये.

माणसावर उलटतो तो रेबीज. आमच्या एका सोबत्याला पाळीहून परतताना कुत्रे चावले. त्याने जखमेत मिरची भरली आणि तिसऱ्या दिवशी आम्हांला सांगितले. का, तर खाडा पडेल म्हणून! तो वाचला, पण त्यात शहाणपणाचा वाटा नव्हता. रेबीजचा विषाणू मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे सरकत असतो. रोगाची लक्षणे दिसू लागली की मृत्यू जवळजवळ अटळ. तो वाटेत आहे तोवरच काय ते करावयाचे. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठावे. पोटात टोचण्याची ती जुनी लस आपल्याकडे 2005 पासून बंद झाली. आता सुई दंडात टोचतात. तेव्हा भिण्याचे कारण उरले नाही.

परंतु खरा उपाय कुत्र्यालाच लस देणे हा आहे. शंभरांतल्या सत्तर कुत्र्यांना लस दिली, तर रोगाची साखळी तुटते आणि उरलेली तीसही बचावतात. आम्हां संघटनावाल्यांना हे गणित नवे नाही. दहा सभासदांनी युनियन चालत नाही, सत्तर झाले की न आलेल्यांचेही भले होते. एका मोहल्ल्याने लस द्यावी आणि दुसऱ्याने कुत्री हाकलून द्यावीत, याने काही साधत नाही.

आता मासे. रोहू, कटला, मृगळ यांना रोग देणारे जिवाणू पाण्यात नेहमीच असतात. मासा खचतो तो दाटीने आणि प्राणवायूच्या टंचाईने. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते आपण विसरलो नाही. असे तळे आटते तेव्हा मासे तेवढेच आणि पाणी निम्मे! पहाटे मासे वर येऊन तोंड उघडू लागले की तो इशारा समजावा. पुढे पोट फुगते, खवले उभे राहतात. थंडीत लाल व्रणांचा रोग येतो. 1988 साली तो ईशान्येकडून देशात शिरला, आणि मरळीला तो फार जाचतो.

अशा वेळी दुकानातून कॅप्सूल आणून पाण्यात ओतू नयेत. मासे कमी करावेत, खाद्य आवरावे, मेलेले मासे दूर पुरावेत, जाळे उन्हात वाळवल्याखेरीज दुसऱ्या तळ्यात टाकू नये. चुना किती टाकावा ते जाणकाराला विचारावे. उदगीरला पशुवैद्यकाचे आणि मत्स्यविज्ञानाचे अशी दोन्ही महाविद्यालये आहेत. नांदेडच्या माणसालाही ती दूर नाहीत.

पण तळेवाला विचारीत नाही. बोभाटा झाला तर माल कोण घेईल, ही त्याची धास्ती. आमच्या सोबत्याने खाड्याच्या भीतीने चावा लपविला, तळेवाला भावाच्या भीतीने रोग लपवितो. रोग लपविला जातो तो पोटापायी, हे ध्यानात घ्या. सांगणाऱ्याचे पोट मारले जाणार नाही, एवढी हमी गावाने दिली तर निम्म्या साथी उंबऱ्यावरच अडतील. ती हमी मागण्याचे काम आपले सर्वांचे आहे.