विमानांतील राखीव वीज

रात्रीं ढगांतून जाणाऱ्या लहान विमानाच्या वैमानिकास क्षितिज दिसत नाहीं. विमान सरळ आहे कीं कललें आहे, हें त्याला यंत्रेंच सांगतात. आणि हल्लीं यांपैकीं पुष्कळ यंत्रें सर्वस्वी विजेवर चालणारीं असतात. ती वीज मध्येंच थांबली तर काय होईल?

श्रोत्यांनीं प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, विजेचें जनित्र बंद पडलें तरी बहुतेक लहान विमानांचें पेट्रोल-एंजिन थांबत नाहीं. ठिणगी पाडणारा मॅग्नेटो एंजिनाच्याच फिरण्यानें स्वतःची वीज निर्माण करतो. विमान उडत राहतें, परंतु वैमानिकाचे डोळे मिटतात.

यावर उपाय म्हणजे दुसरी, लहान बॅटरी. मात्र ती कशी जोडली आहे यावर सर्व अवलंबून असतें. ती मुख्य बॅटरीस नुसत्या तारेनें जोडली, तर मुख्य बॅटरीबरोबर तीहि रिती होईल. म्हणून मध्यें डायोड घालतात. पंपांतील झडप पाण्यास मागें येऊं देत नाहीं, तसा हा डायोड विजेस परत फिरूं देत नाहीं. जनित्र चालू असतांना राखीव बॅटरी भरत राहते. तें थांबलें कीं तिची वीज केवळ नेमलेल्या यंत्रांनाच मिळते. साध्या सिलिकॉन डायोडमध्यें सुमारें ०.७ व्होल्ट खर्ची पडतात, हेंहि हिशेबांत धरावें लागतें. फ्यूज बॅटरीच्या अगदीं जवळ बसवितात, कारण बॅटरी व फ्यूज यांमधील तारेस कोणतेंच संरक्षण नसतें.

आतां पुरवठ्याचा प्रश्न. ५ अँपियर-तासांची बॅटरी ५ अँपियर प्रवाह देत राहिली, तर कागदावर ती एक तास पुरते. प्रत्यक्षांत शिशाच्या बॅटरीची वीज भराभर उपसल्यास ती बरीच आधीं संपते. थंडीनें व वयानेंहि तिची शक्ति घटते. म्हणून क्षितिजदर्शक, एखादें बिनतारी यंत्र, एवढ्यांनाच तिच्यावर हक्क द्यावा. अमेरिकेच्या २०१७ पूर्वीच्या नियमावलींत, जनित्र बंद पडल्यावर बॅटरीनें अत्यावश्यक यंत्रांना निदान ३० मिनिटें वीज पुरवावी, अशी अट होती. तो अर्धा तास प्रवास पुरा करण्यासाठीं नसून खालीं उतरण्यासाठीं असतो.

राखीव बॅटरी एरवीं कामास लागत नाहीं, त्यामुळें तिचा अशक्तपणा कळून येत नाहीं. ठराविक मुदतीनें तिच्यावर खरा भार घालून ती किती मिनिटें टिकते हें जमिनीवरच मोजावें. कंदिलांत तेल आहे कीं नाहीं, हें दिवसाउजेडींच पाहून ठेवणें बरें.