समुद्रकिनारा निवडताना
(मानपाडा येथील रहिवाशांसमोर केलेले भाषण)



सुट्टी जवळ आली, की घरोघरी एकच विचारविनिमय सुरू होतो : यंदा समुद्रावर कोठे जावयाचे? बोर्डीपासून रेडीपर्यंत पसरलेल्या आपल्या किनाऱ्यावर स्थळांची वाण नाही. दोन दिवसांची सवड असेल तर केळवे, अलिबाग, नागाव सोयीचे. चार दिवस असतील तर गुहागर किंवा तारकर्ली गाठता येते. 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्णत्वाने सुरू झाली आणि आपल्या शेजारच्या दिवा स्थानकातून सावंतवाडीपर्यंत जाणे सुलभ झाले.

परंतु किनारा केवळ छायाचित्र पाहून ठरवू नये. 1 फेब्रुवारी 2016 रोजी रायगड जिल्ह्यातील मुरूड येथे सहलीस आलेले अनेक महाविद्यालयीन विद्यार्थी बुडून मरण पावले. त्या घरांवर कोसळलेला आघात आपण विसरता कामा नये. म्हणून पहिला प्रश्न असा असावा, की तेथे पाण्यात उतरणे कितपत सुरक्षित आहे? जीवरक्षक आहेत काय? गणपतीपुळ्याचा समुद्र देवळाच्या पायरीशी येतो. तथापि, तेथे पोहणे धोक्याचे आहे. लहान मुले बरोबर असतील तर हा विचार आधी करावा.

दुसरी गोष्ट भरती-ओहोटीची. आपल्या कोळी बांधवांचा जुना हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट केली, की पूर्ण भरतीची वेळ स्थूलमानाने मिळते. अष्टमीस ती सहाच्या सुमारास येते आणि सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी होते. म्हणजे अष्टमीस दुपारी बाराच्या सुमारास अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात पायी जाता येईल. पौर्णिमेस त्याच वेळी वाट पाण्याखाली असेल. किल्ल्यात गेल्यावर भरतीपूर्वी परतणे अगत्याचे आहे. नेमकी वेळ मात्र स्थानिकांकडूनच विचारून घ्यावी.

यासाठीच निवासाची निवड महत्त्वाची ठरते. 1975 मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची निवासस्थाने आहेत. त्याचप्रमाणे 'निवास व न्याहारी' योजनेखाली नोंदलेली घरेही आहेत. खोली ठरविताना गोडे पाणी, स्वच्छतागृह, जेवणाची सोय आणि किनाऱ्याचे अंतर आधी विचारावे. उन्हाळ्यात कोकणात पाण्याची टंचाई भासते, हे ध्यानात असू द्यावे. गावातल्या घरी उतरल्यास आणखी एक लाभ होतो. कोणत्या जागी पाणी आत ओढते, हे यजमानास ठाऊक असते. तो 'आज नको' म्हणाला, तर त्याचे ऐकावे.

एवढे करूनही कोणी ओढीत सापडलाच, तर त्याने प्रवाहाविरुद्ध झुंजू नये; किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला व्हावे. इतरांनी त्याच्यामागे उड्या न घेता दोर किंवा तरंगणारी वस्तू फेकावी व मदतीस हाक द्यावी.

आपली सुट्टी आनंदात जावो आणि मानपाड्यातून निघालेले प्रत्येक कुटुंब सुखरूप घरी परतो, ही सदिच्छा.