स्तनाचा कर्करोग आणि सांघिक उपचार
(संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत कर्करोग विभागाच्या वतीने केलेले भाषण)



 आज आम्हाला एकाच विषयाकडे आपले लक्ष वेधावयाचे आहे. स्तनाच्या कर्करोगाचा उपचार अनेकांनी मिळून, एका विचाराने करावा लागतो आणि तो अर्ध्यावर सुटू न देणे हेही उपचाराचेच अंग आहे.

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना हा आजार नव्याने झाला आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया त्याने दगावल्या. उशिरा होणारे निदान हे या मृत्यूंचे एक मोठे कारण आहे. सुरुवातीची गाठ बहुधा दुखत नाही. सुगी, मुलांच्या परीक्षा, घरातील आजारपण आणि मनातील संकोच यांत महिने निघून जातात.

निदानानंतरची वाटही सरळ नसते. मॅमोग्राफी व सोनोग्राफी क्ष-किरणतज्ज्ञ पाहतात. सुईने घेतलेला गाठीचा तुकडा पॅथॉलॉजिस्ट तपासतात. त्या पेशींवर संप्रेरकांची ग्राहके आहेत काय, हर-टू हे प्रथिन वाढलेले आहे काय, हे त्यांच्याकडून कळते. त्यानंतर शस्त्रक्रिया, केमोथेरपी, किरणोपचार आणि अनेक जणींच्या बाबतीत किमान पाच वर्षे संप्रेरकविरोधी गोळ्या, असा हा क्रम असतो. मात्र तो सर्वांसाठी सारखा नाही. काही रुग्णांना आधी औषधे देऊन गाठ लहान केली, तर पुढे स्तन वाचविणे शक्य होते. पूर्ण तपासणीपूर्वीच गाठ घाईने काढून टाकली, तर हा मार्ग हातचा जातो. म्हणूनच शल्यचिकित्सक, कर्करोगतज्ज्ञ, किरणोपचारतज्ज्ञ, क्ष-किरणतज्ज्ञ व पॅथॉलॉजिस्ट यांनी शस्त्रक्रियेपूर्वी एकत्र बसून निर्णय घ्यावा, असा आमचा आग्रह असतो.

या पद्धतीचा लाभ स्कॉटलंडमधील ग्लासगो परिसरात मोजला गेला आहे. तेथील एका भागात १९९५ मध्ये अशी सांघिक पद्धत सुरू झाली. शेजारच्या भागांत ती तेव्हा नव्हती. १३,७२२ स्त्रियांच्या नोंदींचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. पद्धत सुरू होण्यापूर्वी त्या भागातील स्तनकर्करोगाचे मृत्यू शेजारच्या भागांपेक्षा ११ टक्के अधिक होते; ती सुरू झाल्यानंतर ते १८ टक्के कमी झाले.

परंतु आमच्या रुग्णभगिनी खेड्यापाड्यांतून येतात. त्यांच्यासाठी संघाची व्याप्ती डॉक्टरांच्या बैठकीपुरती ठेवून चालत नाही. केस गळू लागले की कोणी दुसऱ्या केमोथेरपीनंतर येण्याचे थांबविते. किरणोपचारासाठी मोठ्या शहरात रोज जाणे, तेथे राहण्याची सोय नसल्याने, कोणाला अशक्य होते. बरे वाटू लागल्यावर वर्षभरात गोळ्या बंद होतात. काखेतील गाठी काढल्यानंतर हात सुजतो, आणि ज्या हाताने भाकरी थापायची तोच निकामी झाल्याची भीती वाटते. अशा वेळी फिजिओथेरपिस्टने शिकविलेले व्यायाम मोलाचे ठरतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे कागद वेळेत पूर्ण करून देणारी समाजसेविका, न आलेल्या रुग्णाला दूरध्वनी करणारी परिचारिका आणि तिच्या दारात जाऊन चौकशी करणारी आशा कार्यकर्ती याही आमच्या संघातच मोडतात.

समाजात जाऊन केलेल्या कामाचे मोल आपल्याच राज्याने दाखविले आहे. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ मध्ये मुंबईतील वस्त्यांत सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास हाती घेतला. त्यांपैकी एका गटातील स्त्रियांची स्तनतपासणी प्रशिक्षित आरोग्य सेविकांनी दर दोन वर्षांनी, हाताने केली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या गटात आजार अधिक लवकरच्या अवस्थेत सापडला आणि पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांतील मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. त्याहून कमी वयाच्या स्त्रियांत मृत्यूंमध्ये अशी घट दिसली नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. बार्शी येथे तर १९८७ पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू आहे. रुग्ण दारी येण्याची वाट न पाहता गावोगाव जाण्याची तिची रीत आम्हाला अनुकरणीय वाटते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये आरंभिलेल्या उपक्रमात तीन उद्दिष्टे ठेवली आहेत : किमान ६० टक्के रुग्णांचे निदान पहिल्या वा दुसऱ्या अवस्थेत व्हावे, रुग्ण प्रथम आल्यापासून ६० दिवसांत निदान पूर्ण व्हावे आणि किमान ८० टक्के रुग्णांनी उपचार पूर्ण करावेत. यांतील तिसरे उद्दिष्ट कोणत्याही यंत्राने साध्य होणारे नाही.

म्हणून आमची विनंती नेहमीपेक्षा थोडी वेगळी आहे. यंत्रावर देणगीदाराचे नाव कोरता येते. परिचारिकेच्या वेतनावर, एस.टी.च्या भाड्यावर किंवा किरणोपचाराच्या काळातील निवासखर्चावर ते कोरता येत नाही. तरीही प्रत्येक रुग्णाची पहिल्या तपासणीपासून शेवटच्या गोळीपर्यंत नोंद ठेवणारी एक पूर्णवेळ समन्वयक परिचारिका आणि गरजू रुग्णांसाठी प्रवास व निवास निधी, या दोन गोष्टींसाठी आपण सढळ हाताने साहाय्य करावे. आम्ही डॉक्टर दर आठवड्याला एकत्र बसून प्रत्येक नव्या रुग्णाचा विचार करू; जी भगिनी ठरल्या दिवशी आली नाही, तिचे नावही त्याच बैठकीत घेतले जाईल.