सुटी ओ-रिंग : निवड आणि साठवण
(झाशी येथे दिलेल्या व्याख्यानाचा अनुवाद)

समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या झाशीत पाणबुड्याच्या श्वासयंत्रावर व्याख्यान व्हावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु माझा आजचा विषय समुद्र नसून दाबाखालील हवा हा आहे, आणि ती कोंडून ठेवण्याची विद्या या शहराला परकी नाही. येथील रेल्वे कारखान्यात मालगाडीच्या वाघिणी दुरुस्त होतात. त्यांच्या ब्रेकच्या नळीत दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ५ किलोग्रॅम दाबाची हवा असते, आणि ती झडपांमधून निसटू नये म्हणून रबराच्या रिंगा बसविलेल्या असतात.

ज्या रिंगेला आपण ओ-रिंग म्हणतो, तिचा इतिहासही ब्रेकशी निगडित आहे. नील्स क्रिस्टेन्सेन हा डेन्मार्कमध्ये जन्मलेला यंत्रज्ञ १८९१ मध्ये अमेरिकेत गेला आणि तेथे त्याने ट्रामगाड्यांच्या हवेच्या ब्रेकवर काम केले. योग्य मापाच्या खाचेत बसविलेली साधी गोल रबरी रिंग सरकत्या दट्ट्यालाही हवाबंद किंवा द्रवबंद ठेवते, हे त्याने उतारवयात प्रयोगांनी दाखविले. १९३७ मध्ये त्याने एकस्वासाठी अर्ज केला, तेव्हा तो सत्तरी ओलांडलेला होता. १९३९ मध्ये त्याला एकस्व मिळाले. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विमानांमध्ये या रिंगेचा सर्रास उपयोग होऊ लागला.

१९४३ मध्ये फ्रान्समध्ये कूस्तो आणि गान्यां यांनी पाणबुड्यासाठी मागणीप्रमाणे हवा देणारा रेग्युलेटर तयार केला. आजच्या उपकरणाचे तत्त्व तेच आहे. पाठीवरच्या नळकांड्यात सुमारे २०० बार दाबाची हवा भरलेली असते. म्हणजे वाघिणीच्या ब्रेकच्या जवळजवळ चाळीस पट. रेग्युलेटरचा पहिला टप्पा हा दाब भोवतालच्या पाण्याच्या दाबापेक्षा सुमारे १० बार अधिक इतक्यावर आणतो, आणि तोंडाजवळचा दुसरा टप्पा श्वासास योग्य अशी हवा देतो. या मार्गातील जवळजवळ प्रत्येक जोडावर एक ओ-रिंग असते. नळकांड्याच्या तोंडावरची रिंग पाण्याखाली खाचेतून निसटली, तर हवेचा साठा झपाट्याने रिकामा होतो. तेव्हा या क्षुल्लक दिसणाऱ्या वस्तूवर एका माणसाचा श्वास अवलंबून आहे, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे.

ही रिंग कार्य कसे करते ? बसविताना ती खाचेत थोडी दाबली जाते. रबर मूळ आकारात येऊ पाहते आणि दोन्ही पृष्ठभागांना घट्ट चिकटून राहते. हवेचा दाब आला की रिंग खाचेच्या दुसऱ्या कडेला ढकलली जाते आणि अधिकच घट्ट बसते. म्हणजे दाब जितका अधिक, तितका बंदोबस्त पक्का. मात्र रबराची लवचिकता शाबूत असली पाहिजे आणि धातूच्या भागांतील फट अरुंद असली पाहिजे. सुट्या रिंगेची निवड करताना पाहावयाच्या सर्व गोष्टी या दोन अटींतूनच निघतात.

पहिली गोष्ट माप. केवळ भोकाचा व्यास पाहून रिंग निवडू नये. अमेरिकी प्रमाणक्रमातील ०१४ क्रमांकाची रिंग शिकंजाने आवळावयाच्या जोडासाठी, तर ११२ क्रमांकाची आट्यांनी बसवावयाच्या जोडासाठी वापरतात. पहिलीचा आतला व्यास १२.४२ मिलिमीटर, दुसरीचा १२.३७ मिलिमीटर, नुसत्या डोळ्यांना हा फरक कळणार नाही. परंतु पहिलीची जाडी १.७८ मिलिमीटर आणि दुसरीची २.६२ मिलिमीटर आहे. एकीच्या खाचेत दुसरी बसवू पाहिल्यास ती एक तर बसणार नाही किंवा हवा रोखणार नाही. म्हणून दोन्ही मापे पाहावीत आणि डबीवर क्रमांक लिहून ठेवावा.

दुसरी गोष्ट कठीणपणा. तो शोअर मापात सांगतात. सर्वसाधारण जोडांना ७० अंश कठीणपणाची रिंग चालते. जेथे नळकांड्याचा पूर्ण दाब येतो तेथे बहुधा ९० अंशांची वापरतात, कारण मऊ रबर दाबाखाली फटीत घुसते आणि कुरतडले जाते.

तिसरी गोष्ट द्रव्य. नायट्राइल रबर तेलाला दाद देत नाही व साध्या हवेच्या उपकरणांत सर्वत्र चालते. ईपीडीएम रबर खनिज तेलाच्या ग्रीसने फुगते. ज्या मिश्रणात प्राणवायूचे प्रमाण बरेच वाढविलेले असते, तेथे त्याला अनुकूल रबर आणि खास ग्रीस लागते. साधे ग्रीस तेथे आगीचे कारण होऊ शकते. अडचण अशी की, ही सारी रबरे बहुधा काळीच असतात. पाकिटाबाहेर पडलेली रिंग कशाची आहे हे डोळ्यांनी ओळखता येत नाही, म्हणून बाजारातील सुट्या, बिननावाच्या रिंगा कितीही स्वस्त असल्या तरी घेऊ नयेत.

आता साठवणीकडे वळू. रबर कपाटात पडून असतानाही म्हातारे होत असते. उष्णता, प्रकाश, ओझोन आणि ताण हे त्याचे चार शत्रू होत. आंतरराष्ट्रीय मानकानुसार रिंगा २५ अंश सेल्सिअसखाली ठेवाव्यात. तशी काळजी घेतल्यास नायट्राइलची रिंग ७ वर्षे आणि ईपीडीएमची १० वर्षे ठेवता येते. त्यानंतर तपासणी करून मुदत काही काळ वाढविता येते. झाशीत मे-जून महिन्यांत पारा ४५ अंशांच्या वर जातो. पत्र्याच्या कपाटात उष्णता त्याहूनही अधिक असते. अशा कपाटातल्या रिंगेला ७ वर्षांचा हिशेब लागू पडणार नाही. तिला घरातील सर्वांत थंड, अंधाऱ्या खोलीत, मूळच्या बंद पाकिटात ठेवावे. चालत्या विजेच्या मोटारीजवळ ठेवू नये, कारण तिच्या ठिणग्यांतून ओझोन निर्माण होतो. दोऱ्यात ओवून खिळ्याला टांगण्याची कारखान्यातील सवय येथे घातक आहे. टांगलेल्या ठिकाणी रिंग ताणली जाते आणि तेथेच तिला भेगा पडतात.

रिंगेचे वय खरेदीच्या दिवसापासून मोजू नये. रबर पक्के केल्याची तिमाही आणि वर्ष पाकिटावर छापलेले असते. वय तेथून मोजावे, आणि आधीची पाकिटे आधी वापरावीत.

सिंधुदुर्ग जिल्ह्यात तारकर्ली येथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची पाणबुडेगिरीची प्रशिक्षण संस्था आहे. त्या किनाऱ्यावर पावसाळ्यात पाण्याखाली उतरणे बंद असते आणि उपकरणे काही महिने विसावतात. बेतवेच्या काठी तर ती वर्षातील बहुतेक दिवस पेटीतच राहतात, आणि बाहेर निघतात ती कोणी बुडाल्याची वर्दी आली म्हणजे. त्या घटकेला दुकान शोधण्यास वेळ नसतो. जेथे उपकरणाचा उपयोग कमी, तेथे साठवणीचे महत्त्व अधिक.

बसविण्यापूर्वी रिंग उजेडात धरून, हलकेच वाकवून भेगा पाहाव्यात. एक बाजू चपटी झालेली असल्यास ती टाकून द्यावी. खाचेतील जुनी रिंग सुईने किंवा पोलादी टोकाने काढू नये, कारण खाचेवर उठलेला ओरखडा नव्या रिंगेलाही निकामी करतो. पितळी किंवा प्लॅस्टिकचे टोक वापरावे. काढलेली रिंग त्याच क्षणी कात्रीने कापावी, नाही तर ती पुन्हा सुट्या भागांच्या डबीत जाते. नळकांड्याच्या तोंडावरची आणि नळ्यांच्या जोडांवरची रिंग पाणबुड्याने स्वतः बदलण्यास हरकत नाही. रेग्युलेटरच्या आतील भाग मात्र प्रशिक्षित कारागिरानेच, निर्मात्याने दिलेल्या संचातून बदलावेत.

श्रोतेहो, कपाटात पडलेला भाग सुटा भाग ठरत नाही. माप, कठीणपणा, द्रव्य आणि वय ज्याचे लिहून ठेवलेले आहे, तोच वेळेला उपयोगी पडतो. वाघिणीच्या झडपा उघडणाऱ्या येथील कारागिरांना हे मी सांगावे असे नाही. परंतु जे प्रथमच हे उपकरण हाताळणार आहेत, त्यांनी डबीवर चिठ्ठी लावण्यापासून आरंभ करावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.