कीर्तनाच्या कॅसेटी

आपल्या चारठाण्यात माळ्यामाळ्यावर जुन्या सप्त्यांच्या व्हीएचएस कॅसेटी पडल्यात. फितीला बुरशी धरली, व्हीसीआर तर बघायलाबी मिळंना.

वाचनालयानं त्या डिजिटल केल्या तर चोरी होती का? नाही. कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीनुसार, विनानफा सार्वजनिक ग्रंथालयाकडं मूळ कॅसेट असंल तर जतनासाठी अशी प्रत ठेवता येते. म्हणून कॅसेट आधी वाचनालयात जमा करा.

यूट्यूबवर टाकायची तर गोष्ट निराळी. अभंग संतांचे, ते सगळ्यांचे. चित्रणाचा हक्क मात्र ६० वर्षं. प्रभातच्या १९३६ च्या ‘संत तुकाराम’चा कवाच सरला, आपल्या कॅसेटींचा नाही. दिंडीनं पैसे मोजून शूटिंग करून घेतलं अन् वेगळा करार नसंल, तर हक्क दिंडीचा. कुणी हौसेनं काढलं असंल, तर त्याला विचारा. कीर्तनकार महाराजांनाबी विचारा. त्यांचाही हक्क ५० वर्षं असतो.