केडगावच्या रमाबाई

रांजणगावहून दक्षिणेला निघालं, की भीमेपलीकडे दौंड तालुक्यातलं केडगाव लागतं. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन इथलंच.

संस्कृतात पारंगत रमाबाईंच्या हाती सिलचरला बंगालीतलं लूककृत शुभवर्तमान पडलं आणि त्यानं मनाचा ठाव घेतला. १८८२ मध्ये पती पटकीनं गेले. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये, वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

पुढे केडगावात ही श्रद्धा रोजच्या कामात उतरली. दुष्काळातून वाचवलेल्या मुली-बायका इथं शेती, विणकाम शिकल्या. छापखान्यात शिशाचे खिळे एकेक उचलून ओळी जुळवू लागल्या. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक अभ्यासून बायबल सोप्या मराठीत आणलं, ते याच हातांनी छापलं. तब्येत खालावली तरी रमाबाई मुद्रितं तपासतच राहिल्या.

५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचं निधन झालं. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झालं.