गुरांची डॉक्टर होऊ पाहणारी धावपटू

(संस्थेच्या गुणवंत विद्यार्थी सत्कार समारंभात केलेले भाषण)



सचिवांनी मला 'विद्यार्थी आणि त्याचे भवितव्य' असा विषय दिला होता. तो फार मोठा आहे. मी बँकेतला कारकून, कला शाखेचा पदवीधर. साऱ्या विद्यार्थ्यांच्या भवितव्यावर बोलावे एवढा माझा अधिकार नाही. म्हणून आज मी एकाच विद्यार्थिनीविषयी बोलणार आहे. ती याच सभागृहात बसली आहे. नाव घ्यायचे नाही, अशी तिची अट आहे. पण पहाटे पाच वाजता शाळेच्या मैदानावर फेऱ्या मारणारी मुलगी म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांना ती कोण हे कळेल.

ही मुलगी अकरावी विज्ञानला आहे. १५०० मीटर धावते. शालेय स्पर्धांत तालुका, जिल्हा करीत ती विभागापर्यंत पोचली. दहावीला गुणही चांगले मिळवले. मी तिला विचारले, पुढे काय करणार? आपल्या वस्तीत या प्रश्नाची उत्तरे ठरलेली असतात : डॉक्टर, इंजिनियर, नाही तर एम.पी.एस.सी. ती म्हणाली, "काका, मला व्हेटर्नरीला जायचंय. गुरांची डॉक्टर व्हायचंय."

हे खूळ कुठून आले, तेही तिने सांगितले. २०२२ साली ऑगस्ट महिन्यात जळगाव जिल्ह्यात लंपीची साथ दिसली आणि पुढे ती राज्यभर पसरली. बैलांच्या अंगावर गाठी, पायाला सूज, चारा तोंडात घेईनात. त्या वेळी पशुवैद्यकीय महाविद्यालयांतील शेवटच्या वर्षाची मुलेमुलीही लसीकरणाच्या कामाला लागली होती. तेव्हा ही आठवीत होती. गावाकडे गेली असता दोन मुली हातात लसीची पेटी घेऊन गोठ्यामागून गोठे करताना तिने पाहिल्या. मारक्या बैलाला खोड्यात अडकवून त्यातल्या एकीने सुई टोचली आणि बैल सोडून दिला. आपल्या मुलीच्या मनात ते चित्र बसले ते बसलेच.

आता तिच्यापुढे दोन अडचणी उभ्या आहेत. पहिली शिक्षकांनी उभी केलेली, दुसरी घरातली.

शिक्षकांचे म्हणणे असे की, पळणे सोड. पशुवैद्यकीय पदवीचा प्रवेश आपल्या राज्यात 'नीट' परीक्षेच्या गुणांवर होतो. ७२० गुणांचा पेपर, त्यातले निम्मे म्हणजे ३६० गुण जीवशास्त्राचे, उत्तर चुकले की एक गुण वजा. त्या गुणपत्रिकेत पदकाला रकाना नाही. म्हणून दोन डगरींवर पाय ठेवू नकोस, असा सल्ला. सल्ला देणारे तिचे हितचिंतकच आहेत. पण एक उदाहरण त्यांनीही ऐकावे, म्हणून सांगतो.

स्कॉटलंडमध्ये लॉरा म्यूर नावाची धावपटू आहे. जन्म १९९३ चा. शर्यत हीच, १५०० मीटर. ही बाई ग्लासगो विद्यापीठात पशुवैद्यकाची पदवी शिकत होती. शिकता शिकताच २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ती अंतिम फेरीत धावली आणि सातवी आली. त्याच वर्षी तिने केली होम्सचा २००४ सालचा ब्रिटिश विक्रम मोडला. २०१७ साली बेलग्रेडला युरोपीय इनडोअर स्पर्धेत १५०० आणि ३००० मीटर अशी दोन सुवर्णपदके घेतली. आणि पदवीचे शेवटचे वर्ष? त्यात वर्गात बसणे फारसे नसते, दवाखान्यात प्रत्यक्ष जनावरे हाताळायची असतात.

मार्च २०१८ मध्ये बर्मिंगहॅमला जागतिक इनडोअर स्पर्धा होती. ब्रिटनमध्ये तेव्हा प्रचंड हिमवृष्टी झालेली, विमाने बंद. लॉरा ग्लासगोहून टॅक्सीने निघून बर्मिंगहॅमला पोचली. तीन हजार मीटरमध्ये कांस्य आणि दोन दिवसांनी पंधराशेमध्ये रौप्य घेऊन परत आली. पुढच्याच महिन्यात ऑस्ट्रेलियात राष्ट्रकुल स्पर्धा होत्या. तिथे पदक मिळण्याची चांगली आशा होती. पण ती गेली नाही, कारण पदवीची अंतिम परीक्षा तोंडावर होती. त्या वर्षी ती पशुवैद्य झाली आणि ऑगस्टमध्ये बर्लिनला पंधराशे मीटरची युरोपीय विजेतीही झाली. टोकियोचे ऑलिंपिक २०२१ मध्ये झाले, त्यात ३ मिनिटे ५४.५० सेकंदांत रौप्यपदक. आणि जी राष्ट्रकुल स्पर्धा तिने सोडली होती, तिचे सुवर्ण २०२२ साली बर्मिंगहॅमला मिळवले.

विद्यार्थी मित्रहो, हे उदाहरण मी तुम्हाला भारून टाकण्यासाठी देत नाही. तिच्यापाशी मार्गदर्शक होता, विद्यापीठ होते, थंडीत पळायला छप्पर असलेले मैदान होते. आपली मुलगी मुरमाच्या मैदानावर पळते. पावसाळ्यात तिथे गुडघाभर चिखल असतो आणि उन्हाळ्यात लग्नाचे मांडव. तेव्हा तुलना करताना तोल ठेवावा. पण तिच्या मार्च आणि एप्रिलकडे बघा. मार्चमध्ये बर्फातून टॅक्सी करून जाणारी मुलगी एप्रिलमध्ये घरी बसते. कोणत्या महिन्यात काय सोडायचे, हे तिने ठरवले होते. आपल्याकडे मात्र एक तर सगळे धरायचे, नाही तर सगळे सोडायचे, एवढेच दोन मार्ग मुलांपुढे ठेवले जातात. माझे मत विचाराल तर या मुलीने यंदा पूर्ण जोमाने धावावे. बारावीला जिल्हा-विभागापर्यंत स्पर्धा खेळून घ्याव्यात आणि त्यानंतर मेमधल्या 'नीट'पर्यंत पहाटेचा अर्धा-पाऊण तास एवढेच पळणे ठेवावे. पाऊण तास पळाल्याने कोणाचे जीवशास्त्र बुडाल्याचे मी ऐकलेले नाही. प्रमाणपत्रेही जपून ठेवावीत. नोकरीच्या वेळी खेळाडूंसाठी शासनाचे पाच टक्के आरक्षण आहे, त्याला ती लागू शकतात.

आता दुसरी अडचण. ती जास्त कठीण आहे.

मुलीचे आजोबा आता ऐंशीच्या घरात आहेत. मी त्यांना भेटायला गेलो तेव्हा त्यांनी मला चहा दिला आणि म्हणाले, "अरे बाबा, ढोरं वढायचं सोडून आमाला किती वर्सं झाली. माझ्या बापानं ते काम केलं, मी डोळ्यानं पाह्यलं. आन् आता ही पोरगी शाळा शिकून पुन्हा ढोरातच हात घालणार?"

या बोलण्याला हसून चालणार नाही. त्यामागे पिढ्यान्पिढ्यांचे दुखणे आहे. गावात जनावर मेले की निरोप कोणाच्या घरी यायचा, हे इथे बसलेल्या वडीलधाऱ्यांना सांगायला नको. नाही म्हणायची सोय नव्हती. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मृतमांस सोडा, हे हीन मानलेले काम सोडा, असे सांगितले. आपल्या वाडवडिलांनी उपाशी राहून, गावाचा बहिष्कार सोसून ते सोडले. पुढे १९५८ च्या कायद्याने महार वतनही गेले. एवढी किंमत मोजून जी वाट मागे टाकली, तिकडे नातीचे तोंड झालेले आजोबांना दिसते आहे. त्यांना 'जुन्या विचारांचे' म्हणणे अन्यायाचे होईल.

मी त्यांच्याशी वाद घातला नाही. माझ्या टेबलावरची एक गोष्ट तेवढी सांगितली, ती आपणासही सांगतो.

आमच्या शाखेत दुधाळ जनावरांची कर्जप्रकरणे येतात. म्हैस घ्यायची तर तिचे वय, वेत, दूध आणि किंमत यांचा पशुवैद्याचा दाखला लागतो. मग विमा उतरतो आणि म्हशीच्या कानात बिल्ला बसतो. जनावर मेले तर दाव्याला दोन गोष्टी हव्यात : कानातला बिल्ला आणि पशुवैद्याचा शवविच्छेदन अहवाल. एक विधवा भगिनी आमची कर्जदार होती. घरात एकच म्हैस, तिच्याच दुधावर दोन मुलांची शाळा. ऐन आषाढात म्हैस मेली. पशुवैद्यकीय अधिकारी म्हणून त्या भागात एक तरुण बाई नेमलेल्या होत्या. त्या भर पावसात गमबूट घालून आल्या, लिंबाखाली म्हशीचे पोट उघडून तपासले, मरणाचे कारण लिहिले आणि सही करून शिक्का मारला. मग ग्रामपंचायतीच्या माणसांना सांगितले की खड्डा किती खोल घ्यायचा, चुना किती टाकायचा, विहिरीपासून किती लांब पुरायचे. माणसांनी मुकाट्याने ते केले. त्यांत पाटलाचा मुलगाही होता. पुढे दावा मंजूर झाला, कर्जखाते मिटले आणि त्या भगिनीने दुसरी म्हैस घेतली.

मेलेले जनावर तेच. आजोबांच्या वडिलांना ते ओढून न्यायला बोलावले जाई, जन्मामुळे. या बाईंना बोलावले गेले साडेपाच वर्षांच्या शिक्षणामुळे. त्यांच्या सहीवाचून माझ्या बँकेचे, विमा कंपनीचे आणि त्या घराचे काम अडून बसले असते. आजोबांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "ती डाक्टरीन आपल्यातली होती का?" मी म्हणालो, "बाबा, ते मी विचारलं नाही. तिला साऱ्या गावानं मॅडम म्हटलं, एवढं पाहिलं." आजोबा गप्प बसले. होकार अजून मिळालेला नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगतो.

मुलीलाही मी एक सांगितले होते. जनावरांवर माया आहे एवढ्यावर या शिक्षणाला जाऊ नये. तिथे शवविच्छेदन आहे, शेणामातीत हात आहे, कत्तलखान्यातल्या मांसाची तपासणीसुद्धा अभ्यासात आहे. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत तिने तालुक्याच्या पशुचिकित्सालयात परवानगी घेऊन आठ दिवस नुसते पाहावे. ती गेली. तिसऱ्या दिवशी अडलेली गाय आली. वासराची मान मागे वळलेली होती. डॉक्टरांचा हात खांद्यापर्यंत आत. गाय कळ देई तेव्हा तो हात आवळला जाई. मग ते थांबत, कळ ओसरली की पुन्हा प्रयत्न करीत. दीड तास हे चालले. वासरू जिवंत निघाले. घरी आल्यावर ही मला म्हणाली, "काका, ते मधेमधे थांबत होते ना, ते मला आधी कळलंच नाही. सुरुवातीलाच सगळा जोर लावला असता तर शेवटी उरला नसता. आमचे सरही पहिल्या फेरीला हेच ओरडतात." पंधराशे मीटर म्हणजे पावणेचार फेऱ्या. पहिल्या फेरीत जोर संपवणारी मुले मीही मैदानावर पाहिली आहेत.

इतर पालकांसाठी थोडी माहिती देतो. ही पदवी साडेपाच वर्षांची, त्यात शेवटचे एक वर्ष आंतरवासितेचे. राज्यातली महाविद्यालये नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली येतात. मुंबईचे महाविद्यालय १८८६ सालचे, सर्वांत जुने. आपल्या मराठवाड्यात परभणी आणि उदगीर इथे महाविद्यालये आहेत. जागा मोजक्या असतात. जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज अकरावीतच, कॉलेजमार्फत करावा. गुण असूनही त्या एका कागदापायी धावाधाव करणारे पालक दर वर्षी दिसतात. भारत सरकारची शिष्यवृत्ती आहे. वसतिगृहात जागा न मिळाल्यास अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, तिचे नियम समाज कल्याण कार्यालयात जाऊन नीट विचारावेत. पदवीनंतर पशुधन विकास अधिकारी हे पद लोकसेवा आयोगामार्फत भरले जाते. म्हणजे ज्यांना एम.पी.एस.सी.शिवाय चैन पडत नाही, त्यांचीही सोय आहे.

मुलीच म्हणून हे काम जमणार नाही, असे कोणी म्हणाले तर त्यांना एलिन कस्टचे नाव सांगा. ही आयर्लंडची. १८९७ साली केवळ स्त्री म्हणून तिला ब्रिटनच्या पशुवैद्यक परिषदेने परीक्षेला बसू दिले नाही. ती तशीच काम करीत राहिली आणि १९२२ साली त्याच परिषदेला तिला मान्यता द्यावी लागली.

शेवटी कार्यकारिणीने घेतलेला निर्णय जाहीर करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. संस्थेची अभ्यासिका आजवर सकाळी आठला उघडत होती. येत्या सोमवारपासून ती सहा वाजता उघडेल. मैदानावरून परस्पर अभ्यासाला येणाऱ्यांसाठी हातपाय धुण्याची सोय मागच्या नळावर केली आहे. सहाला दार उघडायला एक माणूस हवा होता. मुलीचे आजोबा पहाटे चारलाच उठतात, म्हणून काल मी त्यांना विचारले. किल्ली त्यांनी ठेवून घेतली आहे.

जय भीम.